कानसेन होणे सर्वांना शक्य आहे का?

प्रास्ताविक

'तानसेन होता आले नाही, तरी कानसेन व्हावे' असे मराठीत म्हटले जाते. उत्तम गाणे सर्वांना साधत नाही. पण उत्तम ऐकणे तरी साधावे, असा त्याचा अर्थ. तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला आहे. तिच्याजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी गायकांची श्रद्धा आहे. गळ्यासाठी चिंचेची पाने सांगितली गेली. कानासाठी मात्र असा उपाय कोणी सांगितला नाही. ऐकणे सर्वांना आपोआप येतेच, असे आपण गृहीत धरले. हे गृहीत खरे आहे का? 'मला सूर कळत नाही' असे सांगणाऱ्या माणसाचे नेमके काय बिनसलेले असते? प्रस्तुत पाठात या प्रश्नांचा विचार केला आहे.

झाशीतील आरती

ग्वाल्हेरपासून झाशी सुमारे १०० किलोमीटर अंतरावर आहे. १७४२ मध्ये पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर तेथे आले आणि त्यानंतर झाशीत मराठी वस्ती वाढली. येथील अखेरचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांना नाटकाची आवड होती; त्यांच्या नाटकशाळेचा उल्लेख इतिहासात येतो. ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये त्यांचा लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, ते मंदिर आजही झाशीत आहे आणि तेथील मराठी कुटुंबे आजही गणेशोत्सव साजरा करतात.

गणपतीची आरती ही समूहाने गाण्याची गोष्ट आहे. तेथे श्रोते आणि गायक असा भेद नसतो. तरीही अशा समूहात एखादी व्यक्ती केवळ टाळ्या वाजवताना दिसते. कारण विचारले, तर 'माझा गळा चांगला नाही', 'मी गाण्यातला औरंगजेब' अशी उत्तरे हसतहसत दिली जातात. त्या हसण्यामागे पुष्कळदा बालपणी मिळालेला एखादा शेरा असतो. 'तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव' एवढे एक वाक्य माणसाला जन्मभर गप्प बसवू शकते. म्हणून असा शेरा मारण्यापूर्वी बेसूरपणाची कारणे समजून घेणे अगत्याचे आहे.

सूर म्हणजे काय?

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. एका सेकंदात जितकी कंपने अधिक, तितका स्वर उंच. समजा, आपण २४० कंपनांचा षड्ज धरला, तर त्याचा पंचम ३६० कंपनांचा आणि तार षड्ज ४८० कंपनांचा होतो. हार्मोनियमवर लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये, उदाहरणार्थ पांढरी एक आणि काळी एक यांत, सुमारे सहा टक्क्यांचा फरक असतो. म्हणजे २४० कंपनांच्या पट्टीशेजारची पट्टी सुमारे २५४ कंपनांची असते. बहुतेक माणसांना याहूनही कितीतरी सूक्ष्म फरक सहज जाणवतो. आपल्या परंपरेत सप्तकाच्या बावीस श्रुती मानल्या आहेत, त्या याच सूक्ष्म जाणिवेच्या बळावर.

कान ऐकतो, मेंदू ओळखतो

हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात. तेथून ती आतील शंखाच्या आकाराच्या भागात पोहोचतात. या भागातील केसांसारख्या सूक्ष्म पेशी कंपनांचे विद्युत्संदेशांत रूपांतर करतात आणि ते संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूकडे जातात. येथवर कानाचे काम संपते. कोणता स्वर उंच, कोणता खालचा, ही चाल ओळखीची की अनोळखी, मघाचा स्वर आताच्या स्वराशी जुळतो की नाही, हे सारे मेंदू ठरवतो. कानांच्या वरच्या बाजूस असलेला मेंदूचा भाग आणि कपाळामागील भाग यांना जोडणारे तंतू या कामी महत्त्वाचे असतात. स्वरांची उंची ओळखण्यात मेंदूच्या उजव्या अर्धाचा वाटा विशेष असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. ज्याचे कान पूर्ण निरोगी आहेत, ज्याला पुटपुटलेले बोलणेही ऐकू येते, त्यालाही सूर न कळणे शक्य आहे. या अवस्थेला आपण 'स्वरबधिरता' म्हणू. स्वरबधिरता हा कानाचा बहिरेपणा नव्हे.

जन्मजात स्वरबधिरता

ग्रँट ॲलन या लेखकाने १८७८ मध्ये अशा एका सुशिक्षित तरुणाचे वर्णन प्रसिद्ध केले. संगीताचे शिक्षण मिळूनही त्याला लगतच्या दोन स्वरांतील फरक कळत नसे आणि चाली ओळखता येत नसत. या विषयाचा काटेकोर अभ्यास मात्र फार उशिरा झाला. २००२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथील इझाबेल पेरेत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीतील एका परिचारिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही स्त्री बुद्धिमान होती, तिची श्रवणशक्ती उत्तम होती. पण तिला संगीत समजतच नसे. लोकाग्रहास्तव ती चर्चच्या गायकवृंदात आणि शाळेच्या वाद्यवृंदात सामील झाली होती, आणि त्याचा तिला अतिशय ताण होत असे. झाशीतील आरतीत काय आणि कॅनडातील चर्चमध्ये काय, समूहाच्या सुरात सूर न मिळणाऱ्याचे दुःख एकच आहे.

अशा व्यक्तीला हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांतील फरक कळणे कठीण जाते. शब्द ऐकले की गाणे ओळखता येते. पण तीच चाल कोणी शब्दांवाचून गुणगुणली, तर ती अनोळखी वाटते. कोणी बेसूर गायले, तरी खटकत नाही. स्वतःचा सूर चुकला, तरी कळत नाही.

मग अशा माणसाला बोलणे कसे समजते? 'तू आलास.' आणि 'तू आलास?' ही दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी आवाज किती वर जातो, ते लक्षात घ्या. बोलण्यातील चढउतार बहुधा असे मोठे असतात. शिवाय शब्द आणि प्रसंग यांचाही आधार असतो. संगीतात मात्र लहानशा फरकानेही राग बदलतो.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने या अवस्थेवर वेगळाच प्रकाश टाकला. स्वरबधिर व्यक्तींच्या मेंदूतील विद्युत्संकेत मोजले, तेव्हा स्वरातील सूक्ष्म फरकाची नोंद मेंदूत होत असल्याचे आढळले. परंतु ती नोंद त्या व्यक्तीच्या जाणिवेपर्यंत पोहोचत नव्हती. पत्र घरापर्यंत आले, पण ते कोणी उघडले नाही, असाच हा प्रकार. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासात असे दिसले, की या व्यक्तींमध्ये मेंदूच्या दोन भागांना जोडणारे वर उल्लेखिलेले तंतू कमी प्रमाणात असतात.

ही अवस्था कुटुंबांतही आढळते. २००७ च्या एका अभ्यासात स्वरबधिर व्यक्तींच्या जवळच्या रक्ताच्या नातेवाइकांपैकी ३९ टक्के लोकांमध्ये ती आढळली. इतर कुटुंबांत हे प्रमाण केवळ ३ टक्के होते. म्हणजेच हा आळस नव्हे, हट्ट नव्हे, की बुद्धीची उणीवही नव्हे.

आघातानंतरची स्वरबधिरता आणि इतर प्रकार

मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होऊन पक्षाघात झाल्यास किंवा डोक्यास मार लागल्यास, पूर्वी उत्तम गाणाऱ्या माणसाचेही सुरांचे भान हरपू शकते. याच्या उलटही घडते. विसारिओन शेबालिन या रशियन संगीतकाराची वाचा १९५९ मधील पक्षाघाताने जवळजवळ गेली. त्यांना बोललेलेही नीट समजेना. तरीही १९६३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते संगीतरचना करत राहिले. बोलणे आणि गाणे यांचे मेंदूतील मार्ग काही अंशी वेगळे आहेत, हे यावरून दिसून येते.

सुराचे आणि तालाचे मार्गही असेच वेगळे असू शकतात. पुष्कळ स्वरबधिर व्यक्तींना ठेका नीट कळतो. बुंदेलखंडात आल्हा गायला जातो, तेव्हा ढोलकाच्या ठेक्यावर मान डोलावणाऱ्यास त्याचे स्वर कळत असतीलच, असे नाही. उलट, २०११ मध्ये मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी अशा एका तरुणाचे वर्णन केले, की ज्याला सूर बरोबर कळत, परंतु संगीताच्या तालावर शरीर हलवता येत नसे. सूर आणि ताल दोन्ही कळूनही संगीतापासून मुळीच आनंद न मिळणारी माणसेही असतात; त्यांच्याविषयीचा महत्त्वाचा अभ्यास बार्सिलोना येथे झाला व २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

बेसूर गळा आणि स्वरबधिर कान

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. अशी माणसे किती? १९८० मध्ये ब्रिटनमधील पाहणीवरून हे प्रमाण सुमारे ४ टक्के मानले गेले. पुढे सुमारे २०,००० लोकांच्या चाचण्यांवरून, २०१७ मध्ये, ते सुमारे दीड टक्का असल्याचे मांडले गेले. याउलट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका पाहणीत सुमारे १७ टक्के विद्यार्थ्यांनी स्वतःला स्वरबधिर म्हटले होते. चाचणी घेतल्यावर मात्र त्यांच्यापैकी बहुतेकांची स्वरांची जाण इतरांसारखीच निघाली. स्वतःला सूर कळत नाही, असे मानणारे पुष्कळ; खरोखर न कळणारे थोडे.

मग उरलेले लोक बेसूर का गातात? गाण्यासाठी स्वर ऐकावा लागतो, ध्यानात ठेवावा लागतो, गळ्याच्या स्नायूंवर तितकाच ताण द्यावा लागतो आणि निघालेला स्वर पुन्हा तपासावा लागतो. लक्ष्य स्पष्ट दिसत असूनही नवशिक्या तिरंदाजाचा नेम चुकतो. तसेच येथे घडते. दोष कानाचा नसून सरावाचा असतो. दुसरे कारण त्याहून साधे आहे. आरतीला जो आरंभ करतो, त्याच्या पट्टीत सर्वांना गावे लागते. पट्टी फार उंच असेल, तर खर्जातला आवाज असणाऱ्याचा सूर फाटतो आणि तो स्वतःला बेसूर समजू लागतो. पट्टी उतरवली, की तोच माणूस सुरात गाऊ लागतो.

कान तयार होतो, यावर आपल्या संगीतशिक्षणाची उभारणी झाली आहे. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेली विद्या या दोघांनी सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत नेली. सर्वसामान्य कान शिकू शकतो, हा विश्वास त्यांच्या कार्याच्या मुळाशी होता.

काय करावे?

मूल बेसूर गात असेल, तर प्रथम त्याचे कान तपासून घ्यावेत. वारंवार कान वाहण्यानेही ऐकणे मंदावते आणि त्यावर उपचार आहेत. ही तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात होऊ शकते. कान निरोगी असल्यास त्याच्या गळ्याला मानवेल अशी पट्टी निवडावी आणि तंबोऱ्याच्या किंवा हार्मोनियमच्या एकाच स्वराशी आवाज जुळवण्याचा सराव सावकाश करून घ्यावा.

दीर्घ सरावानंतरही फरक पडला नाही, तर ती व्यक्ती स्वरबधिर असू शकते. त्यासाठी चालींच्या जोड्या ऐकवून त्या सारख्या की वेगळ्या, हे विचारणाऱ्या चाचण्या आहेत. मॉन्ट्रियल येथे तयार झालेली अशी चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चाली पाश्चात्त्य वळणाच्या असल्यामुळे आपल्याकडे तिचा उपयोग तारतम्यानेच करावा लागेल. जन्मजात स्वरबधिरतेवर खात्रीचा उपाय आजवर सापडलेला नाही. परंतु रंगांधळ्या माणसास आपण रंग न ओळखल्याबद्दल बोल लावत नाही. तोच न्याय येथेही लावला पाहिजे.

तेव्हा कानसेन होणे अक्षरशः सर्वांना शक्य नाही. परंतु आपण समजतो त्याहून कितीतरी अधिक लोकांना ते शक्य आहे. आणि ज्यांना ते शक्य नाही, त्यांनाही आरतीच्या समूहात उभे राहण्याचा, ठेका धरण्याचा आणि मोकळ्या गळ्याने म्हणण्याचा तितकाच अधिकार आहे.

आपण काय शिकलो?

• स्वर कान ऐकतो; परंतु त्यांची ओळख मेंदू पटवतो.
• स्वरबधिरता जन्मजात असू शकते किंवा मेंदूवरील आघाताने येऊ शकते.
• बेसूर गाणारे बहुतेक लोक स्वरबधिर नसतात. योग्य पट्टी आणि सराव यांनी त्यांच्यात सुधारणा होऊ शकते.

शब्दार्थ

षड्ज – सप्तकातील पहिला स्वर, सा
खर्ज – खालच्या सप्तकातील गंभीर स्वर
पट्टी – गाण्यासाठी निवडलेली स्वराची उंची, हार्मोनियमवरील कळ
तारतम्य – कमीअधिक ओळखून वागण्याची विवेकबुद्धी

स्वाध्याय

१. 'स्वरबधिरता हा कानाचा बहिरेपणा नव्हे' हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. निरोगी कान असूनही माणूस बेसूर का गातो? दोन कारणे लिहा.
३. तुमच्या परिसरातील भजनात किंवा आरतीत गप्प राहणाऱ्या व्यक्तीशी तुम्ही कसे वागाल? आठ ते दहा ओळींत लिहा.