जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर आणि आपला श्वास

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि आपल्या देशातील नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. तो उरला आहे जुन्या गाड्यांत, आणि जुनी गाडी जिवापाड जपणारी व्यक्ती बहुधा घरातील ज्येष्ठच असते. गाडी काही महिने उभी राहिली की कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते, मागे चिकट थर उरतो, जेटचे बारीक छिद्र बुजते आणि कितीही किक मारल्या तरी इंजिन दाद देत नाही. मग क्लीनरच्या फवाऱ्याचा डबा घरी येतो.

अशा क्लीनरमध्ये बहुधा ॲसिटोन, टोल्युइन, झायलिन यांसारखे द्रावक असतात. त्यांच्या वाफांनी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते. आणि उतारवयातील चक्कर म्हणजे पडण्याचे भय. काही डब्यांत मिथिलीन क्लोराइड असते. शरीरात त्याच्या काही अंशाचे कार्बन मोनॉक्साइड बनते व रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. हृदयविकार असलेल्यांनी हे नाव लिहिलेला डबा हाती धरूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘वास आला की थांबू’ हा भरवसा फसवा आहे. वयोमानाने घ्राणशक्ती मंदावते, शिवाय नाक उग्र वासालाही लवकर सरावते. या वाफा हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतात. न्हाणीघरात किंवा बंद बाल्कनीत पाटावर बसून काम करणारा नेमका त्यांतच श्वास घेत असतो. जवळ समई वा गॅस गीझर पेटलेला असेल, तर भडका उडण्यास वेळ लागत नाही. काम अंगणात, टेबलावर करावे. चष्म्यावरून संरक्षक गॉगल व हातांत नायट्राइलचे मोजे असावेत, कारण एका छिद्रात मारलेला फवारा दुसऱ्यातून थेट तोंडावर येतो. डोळ्यांत थेंब गेलाच, तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनो, उरलेले द्रावण किंवा पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नका. दृष्टी अधू झालेल्या किंवा विस्मरण जडलेल्या व्यक्तीला ती बाटली पाण्याचीच वाटते. चुकून घोट गेलाच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. उलटीतून द्रव फुप्फुसांत उतरू शकतो. डबा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा, महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

मात्र या भीतीपोटी आजोबांच्या हातातील पाना काढून घेऊ नका. स्क्रू सोडवणे, भाग ओळीने मांडणे, पुन्हा जोडणे हे त्यांचेच काम राहू द्या. फवाऱ्याची पाच मिनिटे मेकॅनिककडे सोपवा. आणि पुढच्या वेळी गाडी दीर्घकाळ उभी ठेवायची झाल्यास उघड्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटरमधील बरेचसे पेट्रोल संपते, आणि चिकटा धरायला फारसे काही उरत नाही.