धुक्याला पायऱ्या का पडतात?

ओमानच्या दक्षिणेला, सलालाच्या डोंगरांत जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत 'खरीफ' हा पावसाळी मोसम असतो. आपला 'खरीप' याच अरबी शब्दातून आलेला. बाकीचा देश भाजून निघत असताना मस्कतची मराठी कुटुंबं हजारेक किलोमीटर गाडी हाकत तिथे जातात, ती भुरभुर आणि धुकं अनुभवायला. गंमत (की वैताग?) पुढे आहे. घरी येऊन तिथे केलेलं चित्रण ६५ इंची पडद्यावर लावावं, तर धुकं विरत जाण्याऐवजी घाटाच्या पायऱ्यांसारखं उतरतं. टीव्ही बिघडला नाही ना, अशी पहिली शंका येते.

बहुतेकदा बिघडलेला नसतो. ८ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेडाच्या जेमतेम २२० पायऱ्या असतात. धुक्याच्या वाट्याला त्यातल्या ३० आल्या, असं समजा. फोर-के पडद्याची रुंदी ३८४० ठिपके, म्हणजे १२८ ठिपक्यांचा एकेक पट्टा! त्यात आपला डोळा तेल ओततो. दोन छटांच्या सीमेवर उजळ बाजू अधिक उजळ आणि गडद बाजू अधिक गडद दिसते, हे एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्येच दाखवलं होतं. १० बिटमध्ये पायऱ्या चौपट होतात आणि पट्टे सहसा नजरेत भरत नाहीत.

मग दोष शोधायचा कुठे? आधी मूळ फाइल पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीत लावा. ग्रुपवर फिरून आलेली क्लिप नको; फाइल लहान करणारी यंत्रणा धुक्यासारख्या सपाट भागातच सगळ्यात जास्त काटकसर करते. पट्टे तसेच राहिले, तर 'व्हिव्हिड' मोड बंद करा, कारण तो पायऱ्यांमधलं अंतर ताणतो. तरीही राहिले, तर ते बहुधा फाइलमध्येच आहेत. पेन ड्राइव्हवर चित्र स्वच्छ आणि प्लेअरवरून पट्टे, असं असेल तर प्लेअरच्या सेटिंगकडे वळा. सेकंदाला १८ गिगाबिटच्या एचडीएमआय जोडणीतून फोर-के, ६० फ्रेम आणि पूर्ण रंग पाठवायचे तर ८ बिटच मावतात, १० बिटला २२ च्या वर लागतात. त्यामुळे प्लेअर गुपचूप ८ बिटवर उतरू शकतो. सिनेमा बहुधा २४ फ्रेमचाच असतो. तेवढ्याच पाठवल्या की १० बिटना भरपूर जागा होते.

फाइलमधल्या पट्ट्यांवरचा इलाज मात्र उफराटा आहे: चित्रात थोडा कचरा मिसळायचा. रांगोळीत दोन रंगांच्या सीमेवर दोन्हींचे कण विखुरले की रेघ मोडते, तसंच. पुढे इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटमुळे नावाजलेल्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये चित्रांसाठी ही युक्ती मांडली. टीव्हीतला पट्टे गुळगुळीत करणारा पर्याय मात्र 'कमी'वरच ठेवा. 'जास्त'वर पट्टे जातील, पण धुक्यात चरणाऱ्या उंटांची लवही पुसली जाईल.