बेडक्याची कैफियत

1882 साली 24 मार्च रोजी रॉबर्ट कॉखने बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला, त्या दिनाचे सोहळे दरवर्षी पार पडतात, आणि क्षयमुक्तीसाठी देशाने स्वतःला घालून घेतलेली 2025 ची मुदत उलटली हेही वाचकांस ठाऊक आहे. प्रस्तुत लेखकाचे लक्ष मात्र घट्ट झाकणाच्या एका प्लास्टिकच्या नळीकडे आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यासारख्या गावी आरोग्यसेवेचे काम करणाऱ्या आशाताई ही नळी खोकणाऱ्याच्या हाती देतात, चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन छातीच्या तळातून बेडका काढावयास सांगतात, आणि भिडस्त माणूस चारचौघांदेखत तोंडातली फेसाळ लाळ तेवढी टाकून मोकळा होतो. लाळेत जंतू क्वचितच. पाहिजे असतो तो घट्ट, चिकट, पिवळसर ऐवज. पुढच्या साऱ्या शास्त्राचा डोलारा त्या चमचाभर ऐवजावर उभा.

सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत, आणि गोव्याच्या कंपनीचे, बॅटरीवरही चालणारे ट्रूनॅट तशाच थोड्या अवधीत, जंतूच्या 'आरपीओबी' नामक जनुकातील फेरफार हुडकून रिफाम्पिसिन हे क्षयावरचे मुख्य औषध लागू पडेल की नाही हे सांगते. विजेचा लपंडाव असलेल्या मुलखात ट्रूनॅट हे वरदानच. परंतु नेहमीच्या चाचणीत दोन्ही यंत्रांना औषधांबाबत सवाल एकच विचारलेला असतो. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाविषयी ती अवाक्षर काढीत नाहीत. त्यासाठी नमुना दूरच्या प्रयोगशाळेत 'लाइन प्रोब' चाचणीस जातो, आणि इतर कित्येक औषधांचा निवाडा व्हावयाचा तर जंतू वाढवावाच लागतो. हा जंतू मोठा आळशी: आतड्यातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुणावतो, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो; म्हणून द्रवमाध्यमातही 'जंतू नाही' असे म्हणण्याआधी 42 दिवस वाट पाहावी लागते. भाद्रपदात दिलेल्या नमुन्याचा निकाल येईतो दिवाळी उलटते, रोगी कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो, आणि अहवाल दप्तरी दाखल होतो.

या संथ प्रयोगशाळेची थोरवी ज्यांना पटत नाही त्यांनी मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आठवावे. 2011 अखेरीस डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी, जंतू वाढवून तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. त्यांतील तिघांना खाजगी डॉक्टरांनी, सरासरी चार-चार जणांनी, दीड वर्षात एकेक औषध, पुष्कळदा चुकीच्या मात्रेत, वाढवीत नेले होते. सरकारदरबारी मात्र वाद माजला तो 'संपूर्ण औषधरोधी' या संज्ञेवर, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती उचलली नाही. शब्दाचा असा खल करणाऱ्यांविषयी मला फारसा आदर नाही. पुढच्याच वर्षी, 7 मे 2012 च्या हुकुमाने, क्षयाच्या प्रत्येक रोग्याची वर्दी सरकारला देणे बंधनकारक झाले, हे त्यातल्या त्यात बरे.

आपल्या घरी वा शेजारी कोणास 'रिफाम्पिसिन लागू' असा दाखला मिळाला, तर त्याने उपचार सुरू करावाच. पण आयसोनियाझिडचा निकाल कोठे अडला आहे हे क्षयरोग कार्यालयात विचारावे, आणि ऊसतोडीला निघावयाचे असेल तर नवा पत्ता व फोन नंबर तेथे लिहून द्यावा.