नळीवाचून मोकळा श्वास

बाळाच्या मेंदूत पाणी साचून डोके वाढू लागले, की नेहमीचा उपाय म्हणजे शंट. ही बारीक नळी जास्तीचे पाणी पोटात सोडते. पण नळी तुंबली तर पुन्हा तातडीची शस्त्रक्रिया लागते. उशीर जिवावर बेततो.

अमेरिकेतील बालमेंदूशल्यचिकित्सक डॉ. बेंजामिन वॉर्फ २००० मध्ये पत्नी व सहा मुलांसह युगांडातील म्बाले येथे गेले. तिथे हाच प्रश्न उभा राहिला. दूर खेड्यातली आई बाळाला घेऊन वेळेत रुग्णालय कसे गाठणार?

वॉर्फ यांनी दोन जुन्या पद्धतींची सांगड घातली. दुर्बिणीच्या साहाय्याने मेंदूतील पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट द्यायची आणि पाणी तयार करणाऱ्या पेशीजालाचा भाग जाळायचा. अनेक बाळांना नळीची गरजच उरली नाही. तिथल्या बऱ्याच बाळांना हा आजार जंतुसंसर्गातून जडतो, हेही त्यांनी दाखवले. २०१२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. युगांडाच्या अडचणीतून घडलेली ही पद्धत पुढे बोस्टनलाही पोहोचली.

तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढत असेल किंवा टाळू फुगलेली दिसली, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे.