चार दारांची शाळा

देश घडवणाऱ्या शाळा : लेखांक ७

उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पालकांनी १९८१ साली मिळून काढलेल्या लॅगन कॉलेजची गोष्ट मागच्या आठवड्यात आपण पाहिली. तिथे भांडण दोन पंथांचं होतं आणि दोन्ही बाजू स्पष्ट होत्या. या आठवड्यात इस्रायल. हे नाव निघालं की डोळ्यांपुढे ज्यू आणि अरब यांचा संघर्ष येतो. पण ज्यू समाजाच्या आतही इतके कप्पे आहेत, की आपल्याच धर्माच्या शेजाऱ्याबरोबर कसं राहायचं हे मुलांना शिकवण्यासाठी तिथे वेगळ्या शाळा काढाव्या लागल्या, कायदा करावा लागला.

इस्रायलमध्ये सरकारी शाळांचं वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं. जेरुसलेमच्या एखाद्या मोहल्ल्यातली सहा वर्षांची मुलं दप्तर घेऊन निघतात आणि वेगवेगळ्या दिशांना पांगतात. धर्म फारसा न पाळणाऱ्या घरातलं मूल सरकारी शाळेत जातं. डोक्यावर किप्पा म्हणजे छोटी गोल टोपी घालणारा मुलगा सरकारी धार्मिक शाळेत जातो. कानाशी लांब बटा सोडलेला, कडव्या परंपरेतला हरेदी मुलगा जिथे जातो, तिथे तोरा आणि तालमूद या धर्मग्रंथांचाच मुख्य अभ्यास असतो आणि मोठ्या वर्गांत गणित-इंग्रजी जवळपास नसतंच. अरब मूल अरबी माध्यमाच्या शाळेत जातं. चारही दारांमागे कमीअधिक प्रमाणात सरकारचाच पैसा आहे.

जून २०१५ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूवेन रिवलिन यांनी हर्झलिया परिषदेत याच पहिलीच्या वर्गांचा हिशेब मांडला. साधारण ३८ टक्के मुलं सरकारी शाळांत, १५ टक्के सरकारी धार्मिक शाळांत, आणि उरलेल्यांत हरेदी व अरब मुलं जवळपास सारख्याच संख्येने, म्हणजे प्रत्येकी पाव भागाच्या आसपास. एक ठसठशीत बहुसंख्याक गट आणि बाकीचे अल्पसंख्याक, हे जुनं चित्र आता पुसलं गेलं आहे, देशात चार ‘टोळ्या’ आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. हे भाषण पुढे ‘चार टोळ्यांचं भाषण’ म्हणूनच गाजलं.

ही दारं आली कुठून? राज्य स्थापन होण्याआधीच ज्यू वस्त्यांमध्ये राजकीय पक्षांनी आपापल्या शाळा चालवल्या होत्या. १९४९ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने त्यातले चार प्रवाह मान्य केले : सर्वसाधारण, कामगार चळवळीचा, धार्मिक झायोनिस्ट मिझराही पक्षाचा आणि कडव्या अगुदात इस्राएलचा. त्याच वेळी येमेन आणि इतर अरब देशांतून लाखो ज्यू येऊन छावण्यांत राहत होते. या कुटुंबांतल्या मुलांना कुठल्या प्रवाहात घालायचं यावरून पक्षांची अक्षरशः ओढाताण सुरू झाली. येमेनी मुलांच्या बटा कापल्या, त्यांना धर्मापासून तोडलं, असे आरोप झाले आणि १९५० मध्ये न्यायमूर्ती गाद फ्रुमकिन यांची चौकशी समिती नेमावी लागली. फेब्रुवारी १९५१ मध्ये छावण्यांतल्या शिक्षणाच्या प्रश्नावर पंतप्रधान बेन-गुरियन यांचं सरकार क्नेसेटमध्ये म्हणजे संसदेत हरलं आणि देशाला मुदतीआधीच निवडणुकीला सामोरं जावं लागलं.

म्हणजे शाळेच्या प्रश्नाने सरकार पाडलं होतं. त्यामुळे १९५३ साली इतिहासकार असलेले शिक्षणमंत्री बेन झायोन दिनूर यांनी आणलेला राज्य शिक्षण कायदा हा मुळात तहनामा होता. पक्षांचे प्रवाह मोडले. सरकारी आणि सरकारी धार्मिक अशा दोन शाखा झाल्या. अगुदातला स्वतःचं वेगळं जाळं सरकारी मदतीसह चालवायची मुभा मिळाली. मोठ्यांमधलं भांडण मिटलं. त्याची किंमत एवढीच, की त्यांची मुलं पहिलीपासून एकमेकांना भेटेनाशी झाली.

ही झाली धर्माची फट. दुसरी फट युरोपातून आलेल्या अश्केनाझी आणि अरब देशांतून आलेल्या मिझराही ज्यूंमधली (वरच्या मिझराही पक्षाशी या नावाचा संबंध नाही). १९६८ मध्ये क्नेसेटने शालेय रचनेत सुधारणा मंजूर केली. सातवी ते नववीच्या वेगळ्या शाळा काढायच्या आणि त्यांत दोन्ही समाजांच्या वस्त्यांतली मुलं एकत्र आणायची. मुलं एका फाटकातून आत आली खरी. पण गणित आणि इंग्रजीच्या तासाला ती गुणवत्तेच्या गटांत विभागली जाऊ लागली आणि वरच्या गटात अश्केनाझी, खालच्या गटात मिझराही अशी वाटणी पुन्हा दिसू लागली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं, की गटागटांतल्या लोकांना नुसतं जवळ आणून पूर्वग्रह जात नाहीत. दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवं, सहकार्य हवं आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. इथे पहिल्याच अटीवर घोडं अडलं.

४ नोव्हेंबर १९९५ च्या रात्री तेल अवीवमध्ये पंतप्रधान यित्झाक राबिन यांचा खून झाला. मारेकरी ज्यूच होता, धार्मिक होता, विद्यापीठात कायदा शिकत होता. या धक्क्यातून धार्मिक आणि सेक्युलर ज्यूंमध्ये संवाद घडवणाऱ्या प्रयत्नांना बळ आलं. काही प्रयत्न जुने होते. राब्बी डॅनियल ट्रॉपर यांची ‘गेशेर’ ही संस्था १९७० पासून दोन्हीकडच्या तरुणांची शिबिरं घेत होती. १९७६ मध्ये जेरुसलेमच्या फ्रेंच हिल भागातल्या पालकांनी ‘ताली’ शाळा सुरू केली होती. तिचा दावा असा, की ज्यू ग्रंथ आणि सण ही फक्त धार्मिकांची मालमत्ता नाही. सरकारी शाळेतल्या मुलांनाही त्यावर हक्क आहे. पण धार्मिक आणि सेक्युलर मुलं रोज एका बाकावर बसवायची कशी, हा खरा प्रश्न होता.

त्याचं एक उत्तर १९९५ मध्येच जेरुसलेममध्ये रुती लेहावी यांनी सुरू केलेल्या ‘केशेत’ शाळेने दिलं. तिथली सकाळ पाहण्यासारखी. धार्मिक घरांतली मुलं प्रार्थनेला बसतात. त्याच वेळी सेक्युलर मुलं शिक्षकांबरोबर गोल करून बसतात आणि एखादा उतारा, एखादी बातमी, मनातला एखादा प्रश्न यावर बोलतात. ‘ज्यांची प्रार्थना नाही त्यांना मोकळा तास’ असं तिथे होत नाही; दोन्हींना सारखाच वेळ, सारखाच मान. त्यानंतर सगळे एका वर्गात. ऑलपोर्टची पहिली अट इथे वेळापत्रकातच बसवलेली आहे.

अडचणी मात्र तत्त्वज्ञानाच्या नसतात, डब्याच्या असतात. वर्गात आलेला केक कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारा आहे का? वाढदिवस शुक्रवारी संध्याकाळी ठेवला तर शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस पाळणाऱ्या मुलाने काय करायचं? सूर्यास्तानंतर तो गाडीत बसणार नाही आणि घरी न्यायला या म्हणून फोनही करणार नाही. सहलीला मुलामुलींनी एकत्र पोहायचं की नाही? मिश्र शाळांमध्ये पालक असे प्रश्न आधीच टेबलावर घेतात आणि त्यांवर नियम ठरवतात. बहुतेक वेळा सोपा तोडगा निघतो : ज्याचा नियम अधिक कडक, त्याला पाळता येईल अशी व्यवस्था सगळ्यांसाठी. मग सेक्युलर पालक विचारतात, दर वेळी आम्हीच का वाकायचं? हा प्रश्न रास्त आहे आणि तो मोकळेपणाने विचारता येणं हीच या शाळांची कमाई आहे.

जुलै २००८ मध्ये राब्बी आणि खासदार मायकल मेलखिओर यांच्या पुढाकाराने राज्य शिक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा ‘एकत्रित’ शाळांना कायदेशीर जागा मिळाली. पण त्याच वर्षी क्नेसेटने दुसराही कायदा केला. हरेदी मुलग्यांच्या माध्यमिक वयाच्या यशिवांना म्हणजे धर्मपाठशाळांना किमान सामायिक अभ्यासक्रम शिकवण्यातून त्याने सूट दिली आणि सरकारी अनुदानही चालू ठेवलं. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्याने शेजारच्या दाराला कडी घातली.

एकाच दाराच्या आतही भिंती उभ्या राहतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या इमानुएल वसाहतीत हरेदी मुलींच्या शाळेत अश्केनाझी आणि सेफार्दी (इथे मुख्यतः मिझराही घरांतल्या) मुलींसाठी वेगळे वर्ग आणि मध्ये कुंपण होतं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. अश्केनाझी पालकांनी मुलींना एकत्र बसवायला नकार दिला, जून २०१० मध्ये त्यांतल्या अनेक वडिलांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात पाठवण्यात आलं आणि त्यांच्या समर्थनार्थ सुमारे लाखभर हरेदी रस्त्यावर उतरले. इथिओपियातून आलेल्या ज्यूंचा अनुभवही असाच. १९८० च्या दशकात त्यांच्या मुलांना सरसकट सरकारी धार्मिक शाळांत घातलं गेलं. २००९ मध्ये पेताह तिकवातल्या काही धार्मिक शाळांनी त्यांना घ्यायलाच नकार दिला. गंमत म्हणजे याच समाजाचा सिग्द हा सण २००८ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिकेत आला होता.

आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाने हे अनुभवलं आहे. पेण-अलिबागच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या शनिवार पाळल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले हे लोक १९५० च्या दशकापासून इस्रायलला जाऊ लागले. तिथे प्रमुख राब्बींनी त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश काढला. त्याविरुद्ध त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने ते पूर्णपणे ज्यू आहेत असा ठराव केला, तेव्हा तो आदेश बदलला. त्यांच्यातल्या मराठीप्रेमींनी पुढे तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवलं. त्यांची मुलं मात्र शाळेत जो ज्यू इतिहास शिकत होती, तो मुख्यतः युरोपचा होता.

या त्रुटीवर २०१६ मध्ये शिक्षणमंत्री नफ्ताली बेनेट यांनी समिती नेमली. अध्यक्ष होते कवी एरेझ बिटॉन : अल्जीरियात जन्मलेले, लहानपणी लोद गावात सापडलेल्या हातबाँबच्या स्फोटात दृष्टी गमावलेले, २०१५ चे इस्रायल पुरस्कार विजेते. पूर्वेकडच्या आणि सेफार्दी ज्यूंचा इतिहास, साहित्य आणि विचार पाठ्यपुस्तकांत आणि शिक्षक प्रशिक्षणात आणा, अशी या समितीची मागणी होती. मिश्र शाळा थोड्याच मुलांपर्यंत पोहोचतात. पाठ्यपुस्तक सगळ्यांच्या हातात पडतं. म्हणून हा मार्ग कमी दिखाऊ असला तरी जास्त दूरवर पोहोचणारा आहे.

सहा वर्षांची मुलं वेगळी पांगली तरी अठराव्या वर्षी सैन्यात एकत्र येतील, अशी इस्रायलची जुनी भिस्त होती. पण अरब नागरिकांवर बहुतांशी सैन्यसेवेची सक्ती नाही आणि हरेदी यशिवांचे विद्यार्थी दशकानुदशकं सूट घेत आले. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की या सूटीला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. त्यावरून पेटलेला वाद अजून शमलेला नाही. चारांपैकी दोन टोळ्या जिथे येतच नाहीत, तिथे शाळेचं राहिलेलं काम सैन्य पूर्ण करेल असं मानणं फोल आहे.

केशेतसारख्या शाळांनी हे काम शक्य आहे एवढं सिद्ध केलं. ते मोठ्या प्रमाणावर होत नाही, याचं कारण मुलांत किंवा शिक्षकांत शोधण्यात अर्थ नाही. पक्षांचा आणि अनुदानांचा हिशेब आजही वेगळेपणालाच फायदा देतो, आणि १९५३ चा तो तहनामा उघडून पाहायची तयारी कुठल्याही आघाडी सरकारने दाखवलेली नाही.

या लेखांकात चौथं दार आपण बाहेरूनच पाहिलं. ज्यू आणि अरब मुलं हिब्रू आणि अरबी या दोन्ही भाषांत एकत्र शिकतात त्या नेवे शालोमच्या शाळेत पुढच्या आठवड्यात जाऊ.