प्रवरेवरची दोन दिवसांची सफर : होडी, गळ आणि आवर्तन

गेल्या काही वर्षांत शहरातली मंडळी सुट्टीला धरणावर जाऊ लागली आहेत आणि त्यांच्या गाडीच्या टपावर अधूनमधून एखादी रंगीत लांबोडकी होडीही दिसू लागली आहे. कुणी तिला कयाक म्हणते, कुणी कनू. सोबत रॉड-रीलची पिशवी असते. आठ-दहा मित्रांनी दोन दिवस नदीवर काढायचे, वल्हवायचे, गळ टाकायचा आणि काठावर मुक्काम करायचा, असा बेत असतो. परदेशात हा छंद जुना आहे आणि त्यावर पुस्तकेही पुष्कळ आहेत. पण ती पुस्तके ज्या नद्यांवर लिहिली गेली, त्या नद्या आणि आपली प्रवरा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. तो समजून न घेता आखलेला बेत जिवावर बेतू शकतो. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यात अशी सफर कशी आखावी, याचा विचार येथे होडीपासून नव्हे, पाण्यापासून सुरू करतो.

नदी आहे, पण मोकळी नाही

प्रवरा रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि नेवासे तालुक्यात टोक्याजवळ, प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. नकाशावर ही एक सलग निळी रेघ दिसते. प्रत्यक्षात ती तुकड्या-तुकड्यांची नदी आहे. वर भंडारदऱ्याचे विल्सन धरण, १९२६ साली पूर्ण झालेले, साठवण ११,०३९ दशलक्ष घनफूट. त्याखाली रंधा धबधबा. मग निळवंडे धरण, ८,३२० दशलक्ष घनफुटांचे. पुढे अकोले आणि संगमनेर तालुक्यांत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. त्यानंतर ओझरचा बंधारा, जिथून प्रवरेचे डावे-उजवे कालवे निघतात. शेवटी टोक्याला पोचेपर्यंत नदी जायकवाडीच्या फुगवट्यात विरून जाते.

याचा अर्थ असा की, पावसाळा सरल्यावर प्रवरेत किती पाणी वाहील हे बहुतांशी आकाश ठरवत नाही, आवर्तन ठरवते. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. शहरी वाचकासाठी एवढेच की, सिंचनासाठी धरणातून ठरावीक दिवस सोडलेले पाणी म्हणजे आवर्तन. काल गुडघाभर असलेले पात्र आज छातीभर असू शकते आणि वर ढगाचा ठिपकाही नसतो.

वर्तमानपत्रात ‘एक हजार क्युसेकने विसर्ग’ असे आपण वाचतो आणि पुढे सरकतो. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ २८ टन पाणी. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. गुडघाभर पाण्यात पाय रोवून उभा राहणारा माणूस त्याच खोलीच्या वेगवान पाण्यात का टिकत नाही, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

दिवाळीच्या सुमाराला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. समन्यायी पाणीवाटपाच्या धोरणानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरमध्ये असे पाणी सोडले गेले. म्हणजे पाऊस कमी झालेल्या वर्षी, ऐन सुट्टीच्या हंगामात नदीला अचानक मोठे पाणी येऊ शकते. दुष्काळी वर्षात नदी सुरक्षित असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

बंधाऱ्याचा सापळा

मे २०२४ मधल्या दोन घटना जिल्ह्यात अजून कुणी विसरलेले नाही. २१ मे रोजी उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दुसऱ्या दिवशी अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत दोन तरुण बुडाले. त्यांच्या शोधासाठी २३ मे रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी उतरली, तिची बोटही उलटली आणि दलाचे तीन जवान प्राणास मुकले. प्रशिक्षित माणसे, बोट, साधनसामग्री असे सगळे होते. तरीही नदीने त्यांना सोडले नाही.

बंधारा दिसायला निरुपद्रवी असतो. चार-सहा फुटांवरून पाणी पडते, त्यात भीतीदायक असे काही वाटत नाही. पण पडलेले पाणी तळाशी जाऊन पुढे उसळते आणि त्याचा वरचा थर उलटा, बंधाऱ्याच्या दिशेने, परत येतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाण्याचा असा आडवा लाटणा फिरत राहतो. त्यात सापडलेली वस्तू बंधाऱ्याकडे ओढली जाते, खाली दाबली जाते, वर येते आणि पुन्हा ओढली जाते. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने ते माणसाला नेहमीसारखे उचलून धरत नाही. अंगात जीवरक्षक जाकीट असले तरी त्याचा उपयोग तिथे कमी होतो. पट्टीचा पोहणाराही दमतो, कारण त्याची लढाई अंतराशी नसते, एकाच जागी फिरणाऱ्या पाण्याशी असते.

वरच्या बाजूने होडीतून येणाऱ्याला हा सापळा दिसतच नाही. समोर पाण्याची एक सरळ, शांत रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे झाडांचे फक्त शेंडे. अशी रेघ दिसली की काठाला लागायचे, होडी खांद्यावर घ्यायची आणि बंधारा पायी ओलांडायचा, हा एकच नियम आहे. पावसाळा संपता संपता बंधाऱ्यांत फळ्या बसवतात, त्यामुळे जिथे जूनमध्ये वाट मोकळी होती तिथे नोव्हेंबरात भिंत असते. जुन्या माहितीवर विसंबून चालत नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, निळवंड्याच्या खालचे प्रवरेचे पात्र नवख्या गटाने वल्हवण्यासाठी निवडू नये. काठावरून पाहावे, चालावे, घाट-मंदिरे पाहावीत. वल्हे मारायचे ते साठलेल्या पाण्यात.

मग जायचे कुठे?

पर्याय तीन आहेत. पहिला भंडारदऱ्याचा जलाशय. डोंगरांच्या कुशीतले हे पाणी दिवाळीच्या सुमाराला बहुधा भरलेले असते. मात्र रतनवाडी-साम्रदकडचा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे मुक्काम, चूल आणि मासेमारी यांबाबत वन विभागाला आधी विचारणे आवश्यक आहे. दुसरा पर्याय राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळचे मुळा धरण, सुमारे २६ टीएमसीचे. इथे पाणी विस्तीर्ण आहे, त्यामुळे वाऱ्याला धावायला जागा मिळते आणि लाटा लवकर उठतात. तिसरा पर्याय जायकवाडीचा फुगवटा. हेही १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे येणाऱ्या पक्ष्यांचा हक्क आपल्या गळाच्या आधीचा आहे. तिथे दुर्बीण न्यावी, रॉड घरी ठेवावा.

जलाशयात उतरण्यासाठी जलसंपदा विभागाची संमती लागते. माशांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. जलाशयातली मासेमारी बहुधा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असते. मत्स्यबीज सोडण्याचा खर्च त्यांचा, जाळी त्यांची, पोटही त्यांचे. भोई, कोळी, ठाकर कुटुंबे थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून रात्री जाळी लावतात आणि पहाटे काढतात. आपण हजारो रुपयांच्या होडीतून त्यांच्या पाण्यात जातो. म्हणून संस्थेच्या माणसाला आधी भेटणे ही केवळ परवानगीची बाब नाही. जाळी कुठे आहेत, पाण्याखाली बुडालेली झाडे कुठे आहेत, दुपारी वारा कुठून उठतो, हे त्याच्याइतके कोणताही नकाशा सांगत नाही. त्याला दोन दिवसांची मजुरी देऊन सोबत घ्यावे. सफरीतला सर्वांत उपयोगी खर्च तोच ठरतो.

गटाची बांधणी

कनू ही उघडी होडी, एका पात्याच्या वल्ह्याने चालवायची. सामान आणि दोन माणसे नीट मावतात. कयाक अरुंद, बसकी, दोन्ही टोकांना पाती असलेल्या वल्ह्याची. ती चपळ असते, पण नवख्याला डगमगते. मासेमारीसाठी वरती बसायची रुंद कयाक किंवा कनू बरी. आठ जणांच्या गटाला चार दुहेरी होड्या पुरतात. प्रत्येक होडीत एक सरावलेला आणि एक नवखा, अशी जोडी लावावी.

शांत पाण्यात साधारण माणूस ताशी चार-पाच किलोमीटर वल्हवतो. गळ टाकत, थांबत जायचे तर निम्मा वेग धरावा. म्हणजे दिवसाला सात-आठ किलोमीटर पुष्कळ झाले. सकाळी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने निघावे, म्हणजे दमलेल्या हातांनी परतताना वारा पाठीशी राहील. दुपारी वारा वाढण्याआधी काठ गाठावा. मेघगर्जना ऐकू आली की लगेच पाण्याबाहेर यावे. कार्बनचा रॉड उभा धरून पाण्यावर बसणे म्हणजे विजेला निमंत्रण आहे. मे महिना वळवाचा असतो, तो टाळलेलाच बरा.

सर्वांत पुढे एक जाणकार, सर्वांत मागे दुसरा; या दोघांच्या मधेच बाकीच्यांनी राहायचे. मागची होडी पुढच्याच्या नजरेआड जाता कामा नये. जाकीट प्रत्येकाच्या अंगात, बंद बांधलेले, आणि त्याला शिट्टी. ‘मला पोहता येते’ हे जाकीट काढण्याचे कारण होऊ शकत नाही. दारू दोन्ही दिवस बंद. ही अट मान्य नसलेल्याने काठावर स्वयंपाक सांभाळावा.

होडी उलटलीच तर ती सोडू नये. ती तरंगते आणि लांबून दिसते. मदतीला येणाऱ्यांनी आपल्या दोन होड्या शेजारी-शेजारी आणून एकमेकींना घट्ट धरावे. दोन होड्या जोडल्या की त्या सहसा उलटत नाहीत. आपल्याकडे ही युक्ती जुनीच आहे. दोन होड्या किंवा भोपळे एकत्र बांधून केलेल्या तरण्याच्या साधनाला ‘सांगड’ म्हणत आणि ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला.

गळाची शिस्तही लिहून ठेवावी. एका होडीतून एका वेळी एकानेच गळ फेकावा. वल्हवताना गळाच्या टोकावर बूच बसवलेले असावे. डोळ्यांवर चष्मा हवा. गळ अंगात रुतला तर ओढून काढू नये. दोरी कापून दवाखाना गाठावा. वाहत्या पाण्यात होडीच्या कडेला नांगर बांधू नये, ती त्याच कडेवर उलटते.

गळाला काय लागेल?

जलाशयात बहुधा रोहू, कटला, मृगळ मिळतील. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, इथे बीज सोडून वाढवलेले. जोडीला चिलापी. काठाच्या गवतात मरळ, खडकांत वाम. पण मूळच्या दख्खनी माशांकडे लक्ष द्यावे असे मी सुचवेन. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणाऱ्या विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली इथल्या माशांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याने अनेक माशांना मच्छीमारांच्या तोंडची नावेच दिली. त्यामुळे लेबिओ बोगट, गारा मुल्या, स्पेराटा सींघाला, टॉर खुद्री ही नावे आज जगभरच्या संग्रहालयांत वापरली जातात. १९५२ साली सी. व्ही. कुळकर्णी यांनी तीच रीत पाळून एका माशाला ‘खवलचोर’ हे नाव शास्त्रात नेले. हा मासा दुसऱ्या माशांचे खवले खातो.

अशा सफरीतून आपणही थोडी भर घालू शकतो. मिळालेला देशी मासा ओल्या हाताने धरावा, मोजपट्टीवर ठेवून छायाचित्र घ्यावे, सोबतच्या मच्छीमाराला त्याचे नाव विचारून वहीत लिहावे आणि मासा परत सोडावा. महाशीर मिळाला तर तो सोडायचाच. लोणावळ्याजवळ वळवण येथे १९७०च्या दशकापासून त्याचे बीज तयार करून जलाशयांत सोडावे लागते आहे, यावरून त्याची अवस्था लक्षात यावी. जून ते ऑगस्ट हा बहुतेक माशांच्या विणीचा काळ, तेव्हा गळ टाकूच नये. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यावर तर १८९७ च्या कायद्यानेच बंदी आहे. असे काही दिसल्यास कळवावे.

निघण्यापूर्वी

पंधरा दिवस आधी : जलसंपदा, वन विभाग आणि मच्छीमार संस्था यांच्याशी बोलणे. आठ दिवस आधी : एका शांत तळ्यात सगळ्या गटाने मुद्दाम होडी उलटवून पुन्हा चढण्याचा सराव. दोन दिवस आधी : विसर्गाची आणि हवामानाची चौकशी. निघताना : कोण, किती जण, कोणत्या काठावरून उतरणार आणि किती वाजता परतणार, हे कागदावर लिहून गावातल्या एका माणसाकडे देणे, ठरल्या वेळेनंतर तासाभरात निरोप आला नाही तर त्याने ११२ वर फोन करायचा. भंडारदऱ्याच्या खोऱ्यात मोबाईलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून हा कागद महत्त्वाचा.

आणि गटप्रमुखाकडे एक अधिकार सर्वांनी आधीच देऊन ठेवावा : पाणी पाहून सफर रद्द करण्याचा. भाड्याचे पैसे गेले, रजा वाया गेली, तरी त्याच्याशी वाद घालायचा नाही. धरण पुढच्या रविवारीही तिथेच असणार आहे.