शेजारच्या आजींची भाषा



आमच्या गटातल्या एका ताईंची लेक लग्नानंतर दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनला गेली. शिक्षण इंग्रजी माध्यमातलं, म्हणून काळजी नव्हती. पण शेजारच्या आजी घरात आफ्रिकान्स बोलतात. लेक शब्द शिकली, मात्र वाक्य इंग्रजीच्या चालीवर रचायची आणि अडायची. ताईंनी बैठकीत विचारलं, "मॅडम, ही कुठली भाषा?" मी वाचून काढलं, तेच आज सांगते.

1652 साली डच व्यापारी कंपनीने केपला ठाणं वसवलं. त्यांच्या डच भाषेत तिथल्या खोईखोई लोकांची आणि गुलामांची बोली मिसळली. हे गुलाम इंडोनेशिया, मादागास्कर आणि आपल्या भारतातूनही जहाजाने नेलेले. केळ्याला आफ्रिकान्समध्ये 'पिसांग' म्हणतात, तो मलय शब्द. या बोलीला पूर्वी 'स्वयंपाकघरातली भाषा' म्हणून हिणवत. 1925 साली तीच सरकारी भाषा झाली. पुढे सरकारने ती काळ्या मुलांच्या शाळांवर लादली, तेव्हा 1976 साली सोवेटोत मुलं रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. दोष भाषेचा नव्हता, लादण्याचा होता.

आता व्याकरण. आपण मी करते, तू करतेस, तो करतो असं म्हणतो. तिथे 'एक्' म्हणजे मी, 'येइ' म्हणजे तू, 'ओन्स' म्हणजे आम्ही. एक् वेर्क, येइ वेर्क, ओन्स वेर्क. 'वेर्क' म्हणजे काम करणे; ते कुणासाठीही बदलत नाही. तो तवा, ती चूल असा लिंगभेदही नाही.

खरी गंमत क्रमात आहे. आपण म्हणतो, "मी काल भात शिजवला." इंग्रजीत क्रम होतो, मी-शिजवला-भात-काल. आफ्रिकान्समध्ये म्हणतात, "एक् हेट खिस्तर रेइस खेकुअक." म्हणजे मी-हेट-काल-भात-शिजवला. मधलं 'हेट' काढा, आपलंच वाक्य! हे 'हेट' झालेल्या गोष्टीची खूण. क्रियापदाच्या आधी लागणारा 'खे' हीसुद्धा तशीच खूण. तो 'ख' घशातून खरखरीत काढायचा.

'काल' आधी घेतलं तर? "खिस्तर हेट एक् रेइस खेकुअक." 'हेट' दुसऱ्याच जागी राहिलं आणि 'मी' त्याच्या मागे गेला. एसटीतल्या राखीव सीटसारखी ती दुसरी जागा क्रियापदाची. तिथे आपल्यालाही लक्ष द्यावं लागतं.

आणि 'नाही' बहुधा दोनदा येतं. "एक् प्रात नी आफ्रिकान्स नी." मी आफ्रिकान्स बोलत नाही. शेवटचं 'नी' विसरलं की वाक्य अर्धवट वाटतं.

ताईंनी लेकीला फोनवर सांगितलं, "आधी मनात मराठीत म्हण, मग त्यांचे शब्द घाल." सातवी शिकलेल्या आईचा सल्ला लेकीच्या कामी आला. आता ती शेजारच्या आजींशी बोलते, चुकते, आजी दुरुस्त करतात.

मैत्रिणींनो, आपल्यातल्या कितीतरी जणी "आमची भाषा शुद्ध नाही" म्हणून ग्रामसभेत, बँकेत गप्प बसतात. स्वयंपाकघरातली म्हणून हिणवलेल्या भाषेत आज लाखो माणसं लिहितात, शिकतात. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने उभं राहून आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलायची. सुरुवात मी करीन.